उणे तेहतीस

१

वही हरवल्याचं सोमवारी सकाळी सव्वानऊला कळलं. साडेनऊपर्यंत ते कँटीनच्या आचाऱ्यालाही कळलं होतं, आणि दहा वाजता ज्याच्या त्याच्या डोक्यात एकेक चोर तयार होता.

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा कंपनीत संगणक दोनच होते आणि दोन्हींना झालरीची कव्हरं शिवलेली होती. कंपनी सरकारी. अणुभट्टीत इंधन ज्या धातूच्या नळ्यांत भरतात, त्या नळ्या तिथे बनत. संशोधन विभाग मागच्या बाजूला, वेगळ्या इमारतीत. सात वर्षांतून एकदा मंत्रालय संशोधनाला अनुदान द्यायचं, आणि त्यासाठी तिघांची समिती येऊन कामाची मूळ कागदपत्रं डोळ्यांनी बघायची. टाइप केलेल्या प्रती समितीला चालत नसत. या खेपेला अनुदान एक आणि प्रकल्प दोन होते. समिती येणार होती बुधवारी सकाळी दहाला.

हरवलेली वही त्यातल्या एका प्रकल्पाची. वीस वर्षं भट्टीत राहिलेल्या नळ्या बाहेर काढून त्या किती झिजल्या, किती वाकल्या, हे दीड वर्ष रोज मोजलं होतं. सगळे आकडे त्या एका हिरव्या वहीत होते.

ते मोजायची तऱ्हा आधी सांगायला हवी. नळ्या ठेवल्या होत्या लाल पट्ट्याच्या आत. जमिनीवर रंगवलेला तो पट्टा ओलांडून आत गेलेला कागद पुन्हा बाहेर येत नाही, असा नियम होता. किरणोत्सर्गी धूळ कागदाला चिकटून बाहेर येऊ नये म्हणून. म्हणून आत मिस्त्री शाळेतल्या पोरासारखी पाटी घेऊन बसे. आकडा पाटीवर लिहून जाड काचेला लावी. काचेच्या अलीकडे बसलेली टाचणी तो वहीत उतरवून घेई. मग पाटी पुसली जाई. संध्याकाळी मिस्त्री हातपाय धुऊन बाहेर आला की पानाखाली दोघांच्या सह्या. त्यामुळे ती वही गेली म्हणजे दीड वर्ष गेलं.

टाचणी म्हणजे प्रकल्पाची प्रमुख. काडीसारखी बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून हे नाव. आडून ठेवलेलं होतं, पण तिलाही माहीत होतं. शुक्रवारी मोजणी अर्धाच दिवस असे. दुपारी जेवायला जाण्याआधी दोघांच्या सह्या झाल्या आणि तिनं वही कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरामागे, हे सगळ्या विभागाला ठाऊक.

मुख्य फाटकावर चिठ्ठीशिवाय कागदाचा कपटाही बाहेर जात नसे. म्हणजे वही कंपनीतच होती. सोमवारी दिवसभर खोल्या, कपाटं, टेबलांचे खण, संडासाच्या पाण्याच्या टाक्यासुद्धा शोधून झाल्या. वही नव्हती.

दुपारी चारला दक्षता अधिकारी बॅजबाईंच्या खिडकीशी येऊन उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, त्या मुलीच्या निलंबनाचं पत्र टाइप झालंय. बुधवारी सकाळी समितीच्या हातात वही नसली, तर ते तिच्या हातात."

२

बॅजबाई म्हणजे बॅजच्या खोलीच्या बाई. पट्ट्याच्या आत जाणाऱ्या प्रत्येकानं छातीला एक बॅज लावायचा, बाहेर आलं की फळीवर आपापल्या खुंटीला अडकवायचा. बॅजमध्ये छोट्या चकत्या असत. महिनाअखेर बाई त्या चकत्या यंत्रात तापवत. तापल्या की त्या मंद उजेड देत, आणि जितका उजेड जास्त तितका त्या माणसाला डोस जास्त. आकडा त्याच्या कार्डावर चढे आणि जन्मभर उतरत नसे. बाई हे काम एकतीस वर्षं करत होत्या. कुणाच्या अंगात काय गेलंय हे त्यांना त्याच्या बायकोपेक्षा आधी कळे.

"पण त्या मुलीनं स्वतःची वही कशाला घालवावी?" बाईंनी विचारलं.

"आकडे बनावट असतील. मूळ वही बघायची वेळ आली म्हणून घाबरली असेल. वर असंच बोलतायत."

"वर म्हणजे कोण?"

अधिकाऱ्यानं नुसतं छताकडे बघितलं. "सगळे बॅज आजच गोळा करा, उद्या दुपारपर्यंत आकडे द्या. शुक्रवारी आत कोण जास्त वेळ होतं, ते तरी दिसेल."

आणि मग पाच वाजेपर्यंत बाईंच्या खिडकीपुढे रांग लागली.

मिस्त्री सगळ्यात आधी आला. बॅज आत सरकवून तिथेच कोपर टेकून उभा राहिला.

"बाई, मला पण विचारून घ्या. सगळे विचारतायत."

"तू घेतलीस का?"

"घेतली असती तर बरं झालं असतं. दीड वर्ष पाटी माझी, हात माझे, घाम माझा. अर्जावर नाव कुणाचं? शेवटच्या पानावर 'तांत्रिक साहाय्य' म्हणून एक ओळ आहे, तीही टायपिस्टनं चुकून दोनदा मारली म्हणून मला दिसली."

"म्हणजे राग आहे."

"आहे की. पण बाई, त्या वहीत प्रत्येक पानावर माझी सही आहे. दुसरीकडे कुठे माझी सही कुणी घेतो? पगाराच्या दिवशी सोडून?"

त्याच्यामागे प्राध्यापक. विद्यापीठातून वर्षभरापूर्वी उसना आणलेला माणूस. दुसरा प्रकल्प त्याचा, नव्या मिश्रधातूचा. वही सापडली नाही तर अनुदान त्याच्या पदरात. त्यानं बॅज अगदी दोन बोटांत धरून दिला.

"माझा वाचण्यात अर्थ नाही, बाई. मी नऊ महिन्यांत एकदाही आत गेलेलो नाही. माझं काम कागदावर चालतं."

"सगळ्यांचे वाचायचेत."

"वाचा. लोक माझ्याकडे कसे बघतायत ते कळतं मला. खरं सांगू? त्या मुलीच्या आकड्यांचा मला हेवा वाटतो. वीस वर्षं मुरलेल्या नळ्या पृथ्वीच्या पाठीवर कितीजणांकडे असतील? मला तशा नळ्या मिळाल्या असत्या तर मी वही उशाला घेऊन झोपलो असतो, जाळली नसती."

"जाळली असं कोण म्हणालं?"

तो गडबडला. "म्हणजे, गेली. जे काय झालं ते."

टाचणी आली ती सगळ्यात शेवटी. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"तुम्हालाही वाटतं का, बाई, की मी आकडे बनवले?"

"मला काय वाटतं याला कोण विचारतंय? जेवलीस का?"

"नाही."

"मग आधी जेव. रिकाम्या पोटी माणूस गुन्हेगारासारखा दिसतो."

ती अर्धवट हसली. मग म्हणाली, "मोठ्या बाईंना काय तोंड दाखवू? नळ्या त्यांच्या. त्यांनी वीस वर्षांपूर्वी भट्टीत ठेवल्या म्हणून मला मोजता आल्या. सकाळपासून त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत."

बाईंनी तिचा बॅज डब्यात टाकला. मोठ्या बाई हे नाव ऐकलं की त्यांच्या जिवणीची एक कड आपोआप आत ओढली जाई. एकतीस वर्षांची सवय होती ती.

३

मोठ्या बाई म्हणजे बॅजबाईंच्या थोरल्या जाऊबाई.

दोघी एकाच घरात दोन वर्षांच्या अंतरानं सुना म्हणून आल्या. दोघी विज्ञान शिकलेल्या. धाकटीला पदवीला थोरलीपेक्षा चार गुण जास्त होते, पण ते कुणी विचारलं नाही. थोरली दोन वर्षं परदेशी शिकायला गेली, तेव्हा तिचा तान्हा मुलगा धाकटीनं वाढवला. थोरली परत आली त्या दिवशी सासूबाईंनी शेजारणींना बोलावून तिचे फोटो दाखवले. बर्फातली थोरली, यंत्रापुढची थोरली. मुलाला रात्ररात्र मांडीवर घेऊन बसलेली बाई कुठल्याच फोटोत नव्हती. मग दोघी एकाच कंपनीत लागल्या. थोरली शास्त्रज्ञ म्हणून आणि धाकटी बॅज वाचायला. थोरलीचा आकडाही दर महिन्याला धाकटीच वाचायची.

पाच वर्षांपूर्वी थोरलीच्या कार्डावरची बेरीज मर्यादेला टेकली. नियमाप्रमाणे बाईंनी तसा कागद वर पाठवला, खाली सही केली, आणि मोठ्या बाईंचा बॅज कायमचा परत घेतला. मोठ्या बाई सल्लागार झाल्या. वरच्या मजल्यावर खोली, पंखा, खुर्चीला टॉवेल. मात्र पट्ट्याच्या आत पाऊल नाही. त्यांनी लावलेल्या नळ्या भट्टीतून बाहेर आल्या त्या त्यानंतर साडेतीन वर्षांनी.

ती सही करताना बाईंना काय वाटलं होतं? त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बरं वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी यंत्र लावलं. पस्तीस बॅज होते. चौतीस माणसांचे, आणि एक कुणाचाच नाही. त्याला कंट्रोल म्हणत. माती, आभाळ, भिंती यांच्यातूनही थोडा किरणोत्सर्ग येतच असतो. तो किती, हे कळावं म्हणून हा एक बॅज महिनाभर नुसता फळीवर टांगायचा. त्याचा आकडा सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायचा, म्हणजे उरतो तो कामावर मिळालेला डोस. यंत्र ती वजाबाकी स्वतःच करून कागदावर छापी.

पहिला कागद बाहेर आला तो प्राध्यापकाचा. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

उणे तेहतीस.

टायपिस्टचा उणे बत्तीस. भांडारपालाचा उणे तेहतीस. टाचणीचा उणे वीस. मिस्त्रीचा, जो दर महिन्याला सत्तरच्या खाली कधी येत नसे, तो एकदम चाळीस.

शून्याच्या खाली डोस नसतो. अंगात गेलेला किरणोत्सर्ग माणूस परत देऊन येत नाही. एकतीस वर्षांत बाईंनी उणे आकडा कधी पाहिला नव्हता. त्यांनी यंत्र थंड केलं, कोरी चकती घालून तपासलं. यंत्र चोख होतं.

मग त्यांनी कंट्रोलचा कागद हातात घेतला. दर महिन्याला तिथे अठरा असत. आज एक्कावन्न होते.

जो बॅज कुणीच लावत नाही, तो कुणीतरी लावून आत गेलं होतं.

४

बाईंनी दार लोटून घेतलं आणि फळीपुढे स्टूल ओढून बसल्या.

पट्ट्याजवळचं दार जुन्या पद्धतीचं होतं. खाचेत बॅज घातला की उघडे. कुणाचा बॅज हे त्या दाराला कळत नसे. आत जाणारा माणूस पांढरा डगला, टोपी, तोंडाला फडकं असा, त्यामुळे पहारेकऱ्यालाही नुसते डोळे दिसत. मिस्त्री सांगत होता की शुक्रवारी तो सगळ्यांबरोबर दीडपर्यंत जेवत होता. म्हणजे दुपारी एक ते दीड आत कुणी नव्हतं. आणि बॅज जर आत गेला, तर वहीही आत गेली. शोधणाऱ्यांनी सगळी कंपनी उलटीपालटी केली, पण पट्ट्याच्या आत कुणी बघितलं नव्हतं. आत गेलेला कागद परत येत नाही, मग चोर तिथे कशाला नेईल? पण ज्याला वही परत यायलाच नको होती, त्याला त्याहून चांगली जागा कुठली?

त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. "आत जुन्या वह्यांची फळी आहे ना रे? पाट्या यायच्या आधीच्या?"

"आहे. शंभरेक असतील. जाळायच्या यादीत आहेत दहा वर्षं. सगळ्या हिरव्याच."

"जा आणि मोज."

अर्ध्या तासानं मिस्त्री काचेपलीकडे उभा राहिला. त्यानं एक उघडी वही काचेला लावली. शुक्रवारची तारीख, खाली टाचणीची तिरकी सही आणि त्याची स्वतःची, कोंबडीच्या पायासारखी. फडक्यावरून त्याचे डोळे हसत होते.

बाई हसल्या नाहीत. कारण वही आत सापडली असं आज सांगितलं, तर अधिकारी एवढंच विचारणार, की आत कोण जातं? मिस्त्री आणि टाचणी. म्हणजे पत्र तसंच राहणार, उलट त्यावर पुरावाही चढणार.

मग चोर कोण?

ज्याला स्वतःचा बॅज आहे तो स्वतःचाच लावेल. त्यात लपवण्यासारखं काय? प्राध्यापकाला मात्र लपवावं लागलं असतं. नऊ महिने शून्य आणि नेमक्या याच महिन्यात तेहतीस दिसले असते. पण तो रोज ही फळी बघतो, कंट्रोल कुठला हे त्याला ठाऊक आहे. त्याच्यासारख्या हुशार माणसानं मिस्त्रीचा बॅज उचलला असता. मिस्त्रीच्या सत्तरांत तेहतीस म्हणजे समुद्रात चूळ. कुणाला पत्ता लागला नसता. चौतीस बॅज हाताशी होते. चोरानं त्यातला एकही घेतला नाही.

का घेतला नाही?

कारण दुसऱ्याच्या कार्डावर आपला डोस चढवायचा नाही. कंपनीतल्या पहिल्या तुकडीच्या लोकांना रुजू झाल्याच्या दिवशी हे शिकवलं होतं, आणि त्यांनी ते देवाच्या शपथेसारखं पाळलं. हल्लीचे लोक एकमेकांचे बॅज घालून खुशाल आत जात, बाई ओरडत तरी.

चोर तसा जुन्या वळणाचा होता. वही चोरताना त्याला लाज वाटली नाही, पण दुसऱ्याच्या अंगाला नसलेला डोस त्याच्या नावावर मांडताना वाटली.

आणि तरीही तो फसला. शेवटच्या खुंटीवर पूर्वी पाहुण्यांचा बॅज असे. जो कुणाच्याच नावावर नसे, ज्याचा आकडा कुणी जपत नसे. दोन वर्षांपूर्वी बाईंनी पाहुण्यांचे बॅज खणात ठेवले आणि शेवटच्या खुंटीवर कंट्रोल लावला. फळी रोज वापरणाऱ्या प्रत्येकाला हा बदल माहीत होता. ज्यानं कधीच वापरली नाही, त्याला शेवटच्या खुंटीचं काय कौतुक?

म्हणजे फळी अंगवळणी पडलेली, पण दोन वर्षांच्या आधीची. ज्याचा बॅज त्यापूर्वी परत गेला, असं माणूस.

परत घेतलेल्या बॅजचं रजिस्टर बाईंनी उघडलं नाही. त्यात तीनच नावं होती. एक वारले, एकाची दुसऱ्या गावी बदली झाली. तिसऱ्या नावापुढे त्यांची स्वतःची सही होती.

दुपारचे चार वाजले होते. त्यांच्या मनात पहिल्यांदा जे उमटलं ते दुःख नव्हतं. सणसणीत, गोड असं काहीतरी होतं, लहानपणी दुसरीच्या हातून बाहुली फुटल्यावर वाटावं तसं. आणि लगेच त्या घाबरल्या. हा पुरावा आहे, की एकतीस वर्षं वाट बघत बसलेला हेवा बोलतोय? त्यांनी चहा मागवला, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा जुळवलं, जावेच्या जागी अनोळखी माणूस कल्पून. उत्तर तेच आलं.

अधिकाऱ्याचा निरोप आला, आकडे झाले का म्हणून.

"उद्या सकाळी," बाईंनी सांगून पाठवलं. "एक आकडा जुळत नाही."

५

मोठ्या बाईंचं क्वार्टर दोन गल्ल्या सोडून होतं. थोरले दीर गेल्यापासून त्या एकट्याच राहत. बाई पोचल्या तेव्हा उन्हं अजून अंगणात होती.

"ये," मोठ्या बाई म्हणाल्या. "आज वाट चुकलीस?"

"वहिनी, कंट्रोल शेवटच्या खुंटीवर असतो आता. दोन वर्षं झाली."

मोठ्या बाई उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. मग सावकाश खुर्चीत बसल्या.

"मला वाटलं पाहुण्यांचा आहे," त्या म्हणाल्या. शास्त्रज्ञाला आपली चूक कळल्यावर वाटावं तसं आधी नुसतं आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "मग सगळे उणे आले असतील."

"उणे तेहतीस."

"तेहतीस. अर्ध्या तासाला बरोबर आहे." मग त्या म्हणाल्या, "तुला बरं वाटत असेल."

"वाटलं. चार वाजता वाटलं. चहा संपेपर्यंत टिकलं."

मोठ्या बाईंनी पहिल्यांदा जावेकडे नीट बघितलं.

"त्या नळ्या मी लावल्या," त्या म्हणाल्या. "एकेक नळी हातानं. तेव्हा सगळे हसले होते, वीस वर्षांनी कोण बघणार म्हणून. मी म्हटलं, मी बघीन. आणि बाहेर आल्या तेव्हा मी वरच्या मजल्यावर टॉवेलाच्या खुर्चीत. ती पोरगी रोज संध्याकाळी मला येऊन सांगायची, बाई, आज अमुक आकडा आला, आज तमुक आला. आनंदानं सांगायची गं. मला वाटे, हिचे डोळे काढून मला लावावेत. शुक्रवारी अर्ज वाचला. तिनं माझे आभार मानले होते, शेवटच्या परिच्छेदात. 'बहुमोल मार्गदर्शन.' असे शब्द मेलेल्या माणसाबद्दल लिहितात."

"म्हणून वही?"

"या खेपेला तिचा अर्ज बाद व्हावा, एवढंच हवं होतं. अनुदान प्राध्यापकाला गेलं तरी चालणार होतं. फाडायचा धीर झाला नाही. माझ्याच नळ्या त्या."

"ती मुलगी अडकेल हे कळलं नव्हतं?"

"शुक्रवारी नाही. सोमवारी कळलं. सोमवार सकाळपासून आत्तापर्यंत मी गप्प बसले. वहीपेक्षा ते वाईट."

शेजारच्या क्वार्टरात कुणीतरी नळाखाली बादली लावली होती, ती भरून वाहू लागली.

"समिती दहाला येते," बाई म्हणाल्या. "साडेनऊला मला आकडे द्यायचेत. तुम्ही सांगितलंत तर ठीक. नाहीतर मी सांगणार."

"आणि लोक म्हणतील, जावेनं सूड घेतला."

"म्हणतील की. माझंही मन तेच म्हणतंय. म्हणून तर आधी तुमच्याकडे आले."

त्या निघाल्या. मोठ्या बाई त्यांना दारापर्यंत सोडायला उठल्या नाहीत, आणि सांगणार की नाही हेही बोलल्या नाहीत.

६

बुधवारी सकाळी नऊ वाजून गेले. सव्वानऊ झाले. बाईंनी आकड्यांचा तक्ता लिहून पुढ्यात ठेवला होता. कंट्रोलच्या रकान्यात एक्कावन्न, पुढे शेरा: 'बॅज आत नेला गेला.' कुणी, ती जागा कोरी. टाचणी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली होती, हातात रिकामी फाइल, नुसती धरायला काहीतरी हवं म्हणून.

नऊ वाजून बावीस मिनिटांनी मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या. टाचणी उठून उभी राहिली. मोठ्या बाई तिच्यापुढे थांबल्या, काहीतरी बोलल्या. खिडकीतून बाईंना ते ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की टाचणीनं एक पाऊल मागे घेतलं आणि फाइल छातीशी घट्ट धरली. मग मोठ्या बाई खिडकीशी आल्या.

"साहेबांना सांगून आले. लेखी दिलं," त्या म्हणाल्या. "तिचं पत्र त्यांनी माझ्यासमोर फाडलं. माझं बारापर्यंत टाइप होईल. समितीला काचेपाशी बसवायचं ठरलंय. मिस्त्री एकेक पान लावील आणि ते वाचतील. दोन दिवस लागतील म्हणे. लागू देत."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मागितलं असतंत तर अर्जावर पहिलं नाव तुमचं घातलं असतं." मोठ्या बाईंनी खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला. "मला तेच तर मागायचं नव्हतं." मग आवाज सरळ करून म्हणाल्या, "ते तेहतीस माझ्या कार्डावर चढव."

"तुमचं कार्ड बंद आहे, वहिनी. मर्यादा पार होईल. मग कुठल्याच कंपनीत, कुठल्याच प्रयोगशाळेत तुम्हाला..."

"माझ्या अंगात गेलेत, तर दुसऱ्या कुणाच्या नावावर जाणार? चढव."

बाईंनी जुन्या कार्डांच्या खणातून त्यांचं कार्ड काढलं. पाच वर्षांत कडा पिवळ्या पडल्या होत्या. शेवटच्या ओळीखाली त्यांनी तारीख घातली, तेहतीस लिहिलं, बेरीज केली आणि कार्ड सहीसाठी पुढे सरकवलं. मोठ्या बाईंनी बेरीज आधी तपासली, मग सही केली.

कार्ड परत घेताना बाईंना राहवलं नाही.

"वहिनी, पाच वर्षांपूर्वीची बेरीज बरोबर होती. मी दोनदा तपासून सही केली होती. हेव्यानं नव्हती केली."

"माहीत आहे. मी तीनदा तपासली होती."

"मग पाच वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत."

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"म्हटलं असतं, तर तुला बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या, आणि वर आपली खोली आवरायला गेल्या.